मासोळीसाहेबाच्या एकवीस हंड्या

पिंपळबोडीत मासोळीसाहेबाची गोष्ट निघाली की कुंता बाकीच्यांना गप्प बसवायची. म्हणायची, तुम्ही तलावातल्या मासोळ्या पाहिल्या, साहेब पाहिला तो मी. आणि तिचं खरंच होतं. त्या माणसानं पाच वर्षांत गावाला काय दिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुंतेला काय दिलं, ते फक्त कुंतेला आणि त्यालाच ठाऊक होतं.

साहेबाचं नाव गुणवंतराव. सरकारी हुद्दा मत्स्य अधिकारी. आता हा शब्द ढिवरमोहल्ल्यातल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या, कोणाच्या जिभेवर बसावा? दोन दिवसांत त्याचा मासोळीसाहेब झाला आणि मग चांद्याच्या कचेरीतून आलेला पट्टेवालासुद्धा त्याच नावानं घर विचारू लागला. गंमत पाहा, मासोळीसाहेब मासोळी खात नव्हता! तो वर्ध्याकडचा, माळकरी घरातला. मोहल्ल्याचा म्हातारा पुढारी लटारू पहिल्याच बैठकीत बिडी विझवत म्हणाला होता की ज्याले काटा काढता येत नाई तो आपल्याले मासोळी शिकवून राह्यला, कलियुग म्हणतात ते हेच. साहेब त्यावर सगळ्यांच्या आधी हसला. तेव्हापासून लटारूची पंचाईत झाली, कारण हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मोहल्ल्याला दुसरी नवलाई वाटायची ती त्याच्या घराची. जवळच्या मूल गावात सरकारी खोली मिळत असताना हा गडी बायकोमुलीला घेऊन पिंपळबोडीतच येऊन राहिला, कारण त्याच्या हाताखालचा सगळ्यात मोठा तलाव इथला. बायको वच्छलाबाई, दम्याची. म्हणून रोज सकाळी तलावाच्या बांधावरच्या, म्हणजे पाळीवरच्या विहिरीचं पाणी साहेब स्वतः भरायचा, खांद्यावर घागर घेऊन, भर रस्त्यानं. पुरुष मान वळवून हसायचे. मुलगी प्रमिला नऊ वर्षांची; तिची वेणी बापच घालायचा. दौऱ्यावर वीस मैल सायकल मारून गेला तरी दिवेलागणीला घरी येणारच, आणि येताना खिशात काही ना काही असणारच. कधी रानातली चारं, कधी टेंभरं, काही नाही मिळालं तर एखादं मोराचं पीस. ढिवरणी धुणं धुता धुता बोलायच्या, नवरा असावा तर असा. मग घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना ते ऐकवायच्या. त्यामुळे पुरुषांना साहेब आणखीच खटकायचा.

कुंता तेव्हा बावीस वर्षांची. इस्तारीची बायको, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. बोलायला मोकळी, हाताला झपाझप, आणि पाहुण्याच्या बाबतीत मोठी काटेकोर. तिच्या आईनं तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. दारात कोणीही येवो, ओळखीचा असो की वाटसरू, आधी विहिरीचं ताजं पाणी, मग बोलणं. घरात भात नसला तरी चालेल, पण पाहुणा तहानलेला राहता कामा नये.

आता तलावाची गोष्ट. तलाव आधी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा होता. ढिवरांनी मासे मारायचे, अर्धे त्याच्या दारात टाकायचे, आणि दरसाल पहिली मासोळी वाजतगाजत त्याच्या वाड्यावर न्यायची. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. पण सरकार म्हणजे कोण, हे कोणाला दिसेना. दिसला तो चांद्याचा एक ठेकेदार, जो दर पंधरा दिवसांनी पाळीवर येऊन पावलांनी तलाव मोजून जायचा. मोहल्ल्यातल्या तीस घरांची झोप उडाली. गुणवंतरावानं अर्जामागून अर्ज केले, की तलाव ढिवरांच्याच सोसायटीला द्या. शेवटी वरून उत्तर आलं. एक वेळ संधी देतो. बाहेरचं चांगलं बीज सोडून दाखवा, या लोकांना ते सांभाळता येतं हे दाखवा. नाही जमलं तर तलावाचा लिलाव.

बीज आणायचं कुठून? तर कलकत्त्याहून. रोहू, कतला, मिरगळ यांची नखाएवढी पिल्लं, मातीच्या हंड्यांत. चौपन्न सालच्या आषाढात साहेब बुधू चपराशाला घेऊन गेला आणि चोवीस हंड्या घेऊन निघाला. हावड्याहून मोठ्या गाडीनं गोंदिया, गोंदियाहून छोट्या गाडीनं मूल, मूलहून बैलगाडी. हंडीतल्या पाण्यात सारखा हात मारत राहावं लागतं, पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात. म्हणून दोघं तीन दिवस, तीन रात्री आळीपाळीनं पाणी हलवत आले. पिंपळबोडीला पोचले तेव्हा बुधूच्या बोटांची कातडी सोलली होती आणि साहेबाचे डोळे लाल झाले होते. पण चोवीसही हंड्या जिवंत होत्या. लटारूनं वाकून पाहिलं, आणि बुधूला आपली बिडी काढून दिली.

साहेबानं पुरुषांना गोळा करून समजावलं, की बीज लगेच ओतायचं नाही. हंड्या तलावाच्या काठाला पाण्यात ठेवायच्या, तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. आतल्या पाण्याची आणि बाहेरच्या पाण्याची आधी ओळख होऊ द्यायची. नवी नवरी नाही का, आल्या आल्या चुलीपाशी नाही बसवत, तसं. पुरुषांनी माना डोलावल्या आणि सांडव्याला लावायची बांबूची जाळी आणायला ते रानात गेले. बुधू जेवायला गेला. साहेब मोहाच्या झाडाला टेकून दोन मिनिटं बसला, आणि तीन दिवसांची झोप, बसल्या जागी डोळा लागला. हे सगळं पुरुषांना सांगितलं होतं. बायकांना कोण सांगतो?

कुंता इस्तारीचा भात घेऊन आली. इस्तारी नव्हता. काठाला हंड्या ओळीनं मांडलेल्या. तिनं वाकून पाहिलं, तर इवले इवले जीव वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. तिचं काळीज हललं. अगं बाई, कुठून कुठून आले हे पाहुणे, तीन दिवसांचा प्रवास, त्या हंडीतलं पाणी तर चहासारखं कोमट, आणि कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही! लेकराला झाडाखाली ठेवलं, विहिरीवर बादली टाकली आणि थंडगार पाणी काढून एकेका हंडीत ओतायला लागली. एकवीस हंड्या केल्या. बाविसावीला लेकरू रडलं म्हणून ती त्याला घ्यायला गेली.

परत येऊन पाहते तर पहिल्या हंडीत पिल्लं उताणी. दुसरीत उताणी. पांढरी पोटं वर, नुसता पिठाचा सडा पडल्यासारखी. 

साहेब जागा झाला तो लेकराच्या रडण्यानं. धावत आला, एका हंडीत हात घातला, दुसरीत घातला, आणि तसाच थांबला. गारठा त्याच्या हाताला कळला होता. त्यानं विहिरीकडे पाहिलं, काठावर ओली बादली होती. मग कुंतेकडे पाहिलं. कुंतेला वाटलं, आता हा ओरडेल, हात उचलेल, पुरुषमाणूस आहे. गुणवंतराव खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि अगदी हळू म्हणाला, "घरी जा बाई. लेकराले भूक लागली असंल."

ती गेली. तीन हंड्या वाचल्या होत्या, तेवढ्या साहेबानं एकट्यानं सोडल्या. पुरुष परत आले तेव्हा त्यानं सांगितलं की वाटेत हंड्या उन्हात राहिल्या, पोचेपर्यंत पिल्लं कशीबशी तगली आणि मग गेली, माझी हयगय झाली. कागदावरही तेच लिहिलं. बुधूला हे पटलं नव्हतं, तो तर हंड्यांबरोबर होता. पण साहेबानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो सोललेली बोटं पाहत राहिला.

कुंतेनं त्या रात्री इस्तारीला सांगायचं ठरवलं होतं. पण तोच लटारूकडून ऐकून आला आणि अंगणात बसल्या बसल्या म्हणाला, "बरं झालं बाप्पा, साहेबाची चूक निघाली. आपल्या मानसाची निघाली असती तं तलाव गेलाच होता." कुंतेनं सांगायचं तसंच ठेवलं आणि ताट वाढलं. आपण तोंड उघडलं तर तीस घरांच्या तोंडचा घास जाणार. नाही उघडलं तर एका भल्या माणसाच्या माथी खोटी चूक राहणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तिच्या नशिबी तर खरोखरचीच विहीर आली होती.

साहेबाला एक वर्षाची मुदत मिळाली, कारण चूक गावाची नव्हती. पण त्याची किंमत काय पडली, हे कुंतेला श्रावणात कळलं. ती वच्छलाबाईकडे तांदूळ पाखडायला जायची. एक दिवस कोपऱ्यात दोरीनं बांधलेली ट्रंक पाहून तिनं सहज विचारलं, कुठी जाऊन राह्यल्या का बाई? वच्छलाबाई धाप सावरत म्हणाल्या, "आता कुठची जाते. नागपूरची बदली आली होती. मोठा दवाखाना, प्रमिलेला पुढची शाळा. त्या हंड्यांपायी रद्द झाली. आता निदान दोन वर्षं इथंच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, की इतका जपणारा माणूस, ताटातलं शीत सांडू देत नाही, तो हंड्या उन्हात ठेवतो हे माझं मन घेत नाही. पण हे स्वतःच म्हणतात, तर काय बोलावं? कुंता मान खाली घालून तांदळातले खडे वेचत राहिली.

गावची शाळा चौथीपर्यंत. पोरीची चौथी झालेली. मग साहेबानंच शाळा काढली, एका मुलीची, पाळीवर. सकाळी पाणी भरून झालं की बाप वेणी घालता घालता पाढे म्हणवून घ्यायचा. जाळ्याच्या डोळ्यांवर गुणाकार, भागाकार. कुंता पाण्याला जाताना ते पाहायची. पोरीला कशाचीच कमी वाटत नव्हती. हसायची, बापाच्या पाठीवर चढायची. पण कुंतेला ती वेणी पाहिली की स्वतःचीच लाज वाटायची. माणूस रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. हा तर रस्त्यात भेटला की लेकराची चौकशी करायचा.

पंचावन्न सालच्या आषाढात साहेब पुन्हा हावड्याला निघाला. निघण्याआधी त्यानं एक केलं, जे त्या भागात कोणी सरकारी माणसानं केलं नसेल. मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावलं, पुरुषांना नाही. हंडी मांडून, पाण्यात हात घालून सगळं दाखवलं. विहिरीचं पाणी का चालत नाही, त्यात वाऱ्याचा अंश कसा कमी, गारठ्यानं पिल्लू कसं आकसतं, ते सांगितलं. कोणाकडे बोट नाही, कोणाकडे नजर नाही. कुंता सगळ्यात मागे बसली होती. तिनं शब्दन् शब्द गिळला.

बीज मूलला उतरलं तेव्हा स्टेशनावर पिंपळबोडीच्या अकरा ढिवरणी उभ्या होत्या. कुंता पुढे. लटारू म्हणत राहिला की बायकांचं काय काम. बायकांनी ऐकलं नाही. नऊ मैल, बैलगाड्यांच्या दोन्ही बाजूंनी त्या चालत आल्या, एकेकीचा हात एकेका हंडीत, पाणी हलवत. मधेच चिखल, मधेच नाला. साहेबाला त्यांनी गाडीत झोपायला लावलं, आणि तो झोपलाही. कुंतेचा हात खांद्यापासून दुखत होता, पण तिनं हंडी कोणाला दिली नाही. ते बीज तलावात गेलं ते एकही पिल्लू उताणं न पडता.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि जाळं पडलं. काय सांगावं! अशी मासोळी त्या तलावानं कधी पाहिली नव्हती. पहिल्याच ओढीत एक कतला आला, लहान पोराएवढा. तो त्या वाचलेल्या तीन हंड्यांपैकी, दोन वर्षांचा झालेला. सोसायटीचा कागद आठ दिवसांपूर्वीच आला होता, तलाव आता तीस घरांचा होता. ठेकेदार त्या दिवशी फिरकलाही नाही.

पहिली मासोळी कोणाच्या दारात न्यायची, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. लटारूनं कतला पळसाच्या पानांवर घालून कुंतेच्या डोक्यावर दिला आणि वाजंत्री लावून सगळा मोहल्ला साहेबाच्या दारात. खाणारं कोणी नाही त्या घरात! वच्छलाबाई बावरल्या, मग आतून करंडा आणला आणि पदर तोंडाला लावून मासोळीलाच हळदकुंकू लावलं. सगळे हसले. लटारूही रंगात आला होता. तो म्हणाला, सायब, दोन सालांआधी तेवढ्या हंड्या उन्हात नसत्या ठेवल्या, तं आज अशा शंभर निघाल्या असत्या. साहेब नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी हसला.

कुंतेला ते हसणं सोसलं नाही. डोक्यावरचं ओझं उतरवून ती पुढे आली. "सायबाची चूक नोती," ती म्हणाली. "पाहुणे तहानले असतीन म्हणून हंड्यांत विहिरीचं पानी म्या टाकलं. सायबानं माहं नाव झाकलं."

वाजंत्री थांबली. इस्तारीचं तोंड पडलं. लटारू साहेबाकडे पाहू लागला, आणि वच्छलाबाईही. गुणवंतरावानं मासोळीवरून नजर उचलली नाही. "उगाच अंगावर घेऊन राह्यली ही," तो म्हणाला. "बीज वाटेतच उन्हानं मेल्यात जमा झालं होतं. मी कागदावर लिहून दिलं आहे, तेच खरं."

झालं. साहेब बोलला म्हणजे संपलं. लोकांना वाटलं, भोळी आहे, मायेपोटी बोलते. दोघी-चौघींनी तर तिला शाबासकी दिली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. आणि कुंता तिथंच उभी, हात रिकामे. तिचा गुन्हा कोणी घेईना. ज्याला माफ करायचं तोच म्हणतो काही झालं नाही, मग माफी कोणाकडे मागावी? पुढचं वर्षभर ती साहेबापुढे कमीच आली. वच्छलाबाईंचे तांदूळ मात्र पाखडून देत राहिली, त्यात एक खडा राहू दिला नाही.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात नागपूरची बदली पुन्हा आली. प्रमिला बाहेरून परीक्षा देऊन एकदम पुढच्या वर्गात बसणार होती. बापाच्या पाळीवरच्या शाळेनं तिचं एक वर्षही वाया जाऊ दिलं नव्हतं. ट्रंक पुन्हा बांधली गेली. बैलगाडी दारात लागली, ढिवरणींनी वच्छलाबाईंची ओटी भरली, त्यांच्या छातीला बाधेल म्हणून कोणी धूर होईल असं काही पेटवलं नाही. लटारू रडला, आणि डोळ्यांत बिडीचा धूर गेला म्हणाला. बिडी पेटलेली नव्हती.

साहेब गाडीत बसायच्या आधी थांबला. मागं उभ्या असलेल्या कुंतेला त्यानं हाक मारली, "कुंताबाई, पाणी दे."

ती धावत घरात गेली आणि माठातलं पाणी घेऊन आली. त्यानं तांब्या पाहिला आणि मान हलवली. "हे नाई. पाळीवरच्या विहिरीचं आण. थंड."

तिनं तांब्या रिकामा केला. विहिरीकडे गेली. तीच विहीर, तीच बादली. पाच वर्षं या माणसानं इथून स्वतः पाणी भरलं होतं, कधी कोणाला घागर उचलू दिली नव्हती. तिनं तांब्या काठोकाठ भरला आणि न सांडता आणला. सगळा गाव उभा होता. गाव म्हणत होता, साहेबाला तहान लागली. गुणवंतराव गाडीच्या चाकाशी उभा राहून ते पाणी एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मग तांब्या प्रमिलेच्या हातात देता देता, फक्त कुंतेला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाहुण्याला पाणी द्यावंच लागते बाई. तुझं काई चुकलं नव्हतं. सांगायचं मीच विसरलो होतो."

गाडी हलली. कुंता पाळीवर जाऊन बसली आणि तीन वर्षांचं साठलेलं पोटभर रडली. मग उठली, तोंड धुतलं, इस्तारीला जाळं ओढायला मदत केली. म्हातारपणी हे सगळं सांगून झालं की ती म्हणायची, देवानं माझं कुठलं पुण्य पाहिलं आणि तो माणूस आमच्या गावात धाडला, ते काही कळत नाही. तांब्या तेवढा प्रमिलेच्या हातात नागपूरला गेला, आणि कुंतेनं तो कधी परत मागितला नाही.